‘अंतर’ कोणी कोणाला दिले?

काही शब्दांवर विनाकारण खटला भरला जातो आणि त्यांची बाजू मांडायला वकीलही मिळत नाही. ‘अंतर’ हा त्यांपैकीच एक. ग्वाल्हेरचा मराठी माणूस सराफ्यातल्या दुकानात ‘या दोन साड्यांत काय अंतर आहे?’ असे विचारतो आणि सोबतचा पुण्याचा पाहुणा गालातल्या गालात हसतो. ‘अहो, अंतर किलोमीटरचे असते. साड्यांत फरक असतो. तुमची मराठी फारच हिंदाळली हो!’

पाहुणा मनाने वाईट नसतो. तो किल्ला पाहतो, गजकाचे डबे बांधून घेतो आणि आपल्या गावी निघून जातो. पण त्याच्या त्या एका वाक्यातून घरातला शाळकरी मुलगा नको तो धडा घेतो. आपली मराठी खोटी आहे, ती चारचौघांत काढू नये, हा तो धडा. पुढच्या खेपेला पाहुणे आले की तो हिंदीत बोलतो, नाहीतर मान खाली घालून बसतो. मग तेच पाहुणे म्हणतात, ‘तुमच्या मुलांना मराठी येत नाही का?’ आधी जीभ छाटायची आणि मग मुका म्हणून कीव करायची, असला हा न्याय आहे.

मी एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक आहे. मराठी विषय घेऊन एम. ए. झालो आणि उभी नोकरी हिंदी माध्यमाच्या शाळेत केली. त्यामुळे दोन्ही भाषांचे मीठ माझ्या अंगात आहे. काही वर्षांपूर्वी एका मासिकाने माझा लेख छापला. त्यात जिथे जिथे ‘अंतर’ होते तिथे तिथे ‘फरक’ झाले होते. मी पत्र लिहून कारण विचारले. उत्तर आले, ‘हिंदी वळण काढून शुद्ध मराठी केले.’ त्या उत्तराला मी तेव्हा प्रत्युत्तर पाठवले नाही. आज या अंकाच्या वाचकांसमोर ते देत आहे, कारण बेळगाव, निपाणी, भालकी, बिदर, कारवार, बऱ्हाणपूर, छिंदवाडा इथल्या मराठी घरांना हा प्रश्न पुण्यातल्या घरांपेक्षा लवकर कळेल.

प्रथम ‘फरक’ या शुद्ध मराठी शब्दाची जन्मपत्रिका पाहू. ‘फर्क’ हा मूळ अरबी शब्द. फारसीच्या पालखीत बसून तो मराठीत आला आणि त्याच पालखीतून हिंदीतही गेला. तो आपला झाला, याबद्दल माझी तक्रार नाही. वकील, इनाम, हजर, गैरहजर, तारीख, कागद ही सगळी मंडळी अशीच आली आणि घरची झाली. पण शुद्धीकरणाचा सोवळा नेसून संस्कृतातून आलेल्या ‘अंतर’ला ओसरीवरून उठवायचे आणि त्याच्या पाटावर अरबी ‘फरक’ला बसवायचे, याला शुद्धीकरण म्हणणाऱ्यांच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे.

बरे, ‘भेद’ या अर्थाने ‘अंतर’ मराठीत नाही, हे तरी खरे आहे का? दोघा भावांत तीन वर्षांचे अंतर आहे, असे पुण्यात म्हणत नाहीत? बोलणे आणि वागणे यांतले अंतर कोणत्या टेपाने मोजायचे? आणि ‘जमीन-अस्मानाचे अंतर’ हा वाक्प्रचार सदाशिव पेठेतल्या कोणत्या आजीने ऐकलेला नाही? त्या एका वाक्प्रचारात जमीन फारसी, अस्मान फारसी आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले अंतर तेवढे संस्कृत. असे असून खटला मात्र त्याच्यावर!

एक गोष्ट न्यायाने मान्य करतो. आमच्या बोलण्यात हिंदीची खरी खोडे शिरली आहेत. ‘विश्वास ठेवला’ म्हणायचे तिथे ‘विश्वास केला’ म्हणतो, ‘मला कळले’ऐवजी ‘मला माहीत पडले’ म्हणतो, वाट पाहायची सोडून ‘इंतजार’ करतो. ते सुधारले पाहिजे आणि वर्गात मी ते सुधारतोही. काही शब्दांत तर खरोखरच खड्डा आहे. ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत छडी आणि हिंदीत विद्या. कार्यालयाच्या फाटकावरची ‘शिक्षा विभाग’ ही पाटी पाहून महाराष्ट्रातून नवीन आलेले मूल दचकते. ‘संसार’ मराठीत चार भांड्यांचा असतो, हिंदीत अवघ्या जगाचा. ‘चेष्टा’ इकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. ‘खाली’ इकडे जमिनीकडे नेतो, तिकडे रिकामे भांडे दाखवतो. अशा जागी दोन्ही भाषा जाणणाऱ्याने पाऊल जपूनच टाकावे. पण ‘अंतर’ हा तसला खड्डा नाही. तो दोन्ही काठांना टेकलेला जुना पूल आहे. हिंदीने त्यातला भेदाचा अर्थ पुढे ठेवला, मराठीने लांबीचा. दोन्ही अर्थ दोन्ही घरांत आहेत. दिवाणखान्यात कोणता मांडायचा आणि माजघरात कोणता ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न.

आता या शब्दाचे मूळ घर पाहू. संस्कृतात ‘अंतर’ला किती अर्थ असावेत? अमरकोशात ‘अंतर’ शब्दाच्या अर्थांची जी यादी येते ती तेरांची आहे. मोकळी जागा, मुदत, नेसायचे वस्त्र, दृष्टीआड होणे, भेद, ‘त्यासाठी’, छिद्र, आपला माणूस, ‘वाचून’ किंवा ‘शिवाय’, बाहेर, संधी, मध्य आणि अंतरात्मा. ही यादी सावकाश पुन्हा एकदा वाचा. एकाच शब्दात छिद्रही आहे आणि आपला माणूसही आहे. बाहेरही आहे आणि अंतरात्माही आहे. पाणिनीलाही या शब्दासाठी एक वेगळे सूत्र करावे लागले. ‘बाहेरचा’ या अर्थी आणि नेसायच्या वस्त्राच्या अर्थी तो सर्वनामासारखा चालतो, असे त्याने सांगून ठेवले आहे. म्हणजे आत आणि बाहेर या दोन टोकांना एकच शब्द पुरला. इतक्या ऐसपैस शब्दाला किलोमीटरच्या दगडाला बांधून ठेवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

इतके अर्थ एका शब्दात कसे मावले, याचे उत्तर व्युत्पत्तीत आहे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की संस्कृतातला ‘अंतर’ हा मुळात दोन वेगळ्या शब्दांचा संगम आहे. एक ‘आतला, मधला’ अशा अर्थाचा. त्याचे भावंड म्हणजे लॅटिनमधला ‘इंटर’, जो आज ‘इंटरनॅशनल’मध्ये आणि ‘इंटरव्हल’मध्ये रोज भेटतो. दुसरा ‘अन्य, दुसरा’ अशा अर्थाचा. त्याची भावंडे म्हणजे जर्मन ‘आंडर’, इंग्रजी ‘अदर’ आणि लिथुआनियन ‘अंत्रास’. दोन ओढे निरनिराळ्या डोंगरांतून आले आणि संस्कृतात येऊन एका पात्रात मिसळले. ‘आतला’ आणि ‘दुसरा’ यांचे नाव एकच झाले.

विद्यार्थ्यांसाठी मी याची एक सोपी खूण करून दिली आहे. शब्दाच्या पुढच्या बाजूस ‘अंतर्’ असेल तर बहुधा ‘आत’ किंवा ‘मध्ये’ आणि मागच्या बाजूस ‘अंतर’ असेल तर बहुधा ‘दुसरा’. पोस्टाचे निळे ‘अंतर्देशीय’ पत्र देशाच्या आत फिरते, पण ‘देशांतर’ करणारा दुसऱ्या देशी जातो. ‘अंतर्गत’ भांडण घरातले, ‘मतांतर’ म्हणजे दुसरे मत. ‘गत्यंतर नाही’ म्हणजे दुसरी वाट नाही. १९५६ साली नागपूरला झालेले धर्मांतर, १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे झालेले नामांतर, १९८५ साली ज्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला ते पक्षांतर, या सगळ्यांत ‘अंतर’चा अर्थ दुसरा धर्म, दुसरे नाव, दुसरा पक्ष असाच आहे. साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’त मात्र पहिला ओढा वाहतो. तिथे भारताच्या भाषांनी एकमेकींमध्ये वावरायचे आहे.

आणि ‘भाषांतर’? मराठीचे पदवीधरदेखील कधी कधी सांगतात की भाषांतर म्हणजे दोन भाषांतले अंतर ओलांडणे. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. मजकूर तोच, भाषा दुसरी. या शब्दात दरी नाही आणि दरीवरची उडीही नाही. एक घर आहे आणि शेजारचे दुसरे घर आहे. द्विभाषी जिल्ह्यातले मूल सकाळी आईशी एका भाषेत भांडते, दुपारी मास्तरांना दुसऱ्या भाषेत उत्तर देते आणि संध्याकाळी दुकानदाराशी तिसरीत घासाघीस करते. त्याला भाषांतराची व्याख्या कुणी शिकवायला नको. ते भाषांतरातच जन्मते. महाराष्ट्रातल्या मुलाला जे पुढे विद्यापीठात पैसे भरून शिकावे लागते, ते या मुलाच्या पदरात फुकट पडलेले असते. अशा मुलाला ‘तुझी भाषा भेसळीची’ म्हणून खाली बघायला लावणारा माणूस भाषेचा हितचिंतक कसा?

ग्वाल्हेरपुरते बोलायचे तर आमची ही भेसळ दोनशे वर्षांची आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्यापलीकडे तळ दिला. तळ कधी उठलाच नाही. तंबूंची घरे झाली, घरांचे वाडे झाले आणि गावाचे नावच ‘लष्कर’ पडले. वाड्याचा ‘बाडा’ झाला. आज साऱ्या शहराचा मध्य ‘महाराज बाडा’ म्हणून ओळखला जातो. ‘शिंदे की छावनी’ आहे. ‘चिटनीस की गोठ’ आहे. शत्रूच्या गोटात हेर पाठवतात, त्या मराठी ‘गोटा’ची ही इकडे येऊन ‘गोठ’ झालेली बहीण. रिक्षावाला हे शब्द रोज उच्चारतो आणि ते मराठी आहेत हे त्याच्या गावीही नसते. भाषा अशीच मुरते. आम्ही हिंदीकडून घेतले तसे हिंदीला दिलेही. देणाऱ्या-घेणाऱ्या घराला भिकारी म्हणत नाहीत.

याच मातीत दोन भाऊ वाढले. थोरले गजानन माधव मुक्तिबोध, जन्म १९१७, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध. घर एक, मातृभाषा एक. थोरले हिंदी नवकवितेचे आधारस्तंभ ठरले आणि धाकट्यांना १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी समीक्षेसाठी. १९४३ साली ‘तार सप्तक’ निघाले. हिंदी कवितेला वळण देणाऱ्या त्या संग्रहातल्या सात कवींत दोघे मराठी घरांतले होते. एक मुक्तिबोध, दुसरे ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे. आणि त्याच ग्वाल्हेरात राजकवी भा. रा. तांबे मराठी कविता लिहीत होते. सांगा पाहू, यांतल्या कोणाची भाषा भेसळीची? या लोकांनी दुसऱ्या भाषेला परके मानले नाही आणि पहिलीला अंतरही दिले नाही.

‘अंतर दिले नाही’ असे मी लिहिले, आणि खऱ्या खटल्याचे तोंड इथेच उघडते. भेदाचा अर्थ हिंदीत आहे, लांबीचा दोन्हींकडे आहे. पण ‘अंतर देणे’ हा वाक्प्रचार हिंदीजवळ नाही. ‘मी तुला अंतर देणार नाही’ या वाक्याचे हिंदी करून पाहा. ‘साथ नहीं छोड़ूँगा’ म्हणाल, पण त्यात ती माया येत नाही. तसेच ‘अंतरणे’ हे क्रियापद. माहेर अंतरले, आईबाप अंतरले, दोन्ही घरांना अंतरला. जागेचे नाव घेऊन त्याचे दुःखाचे क्रियापद मराठीने केले आहे. मराठी म्हणते की अंतर नुसते असत नाही. ते कोणीतरी देते आणि कोणाला तरी ते पडते. त्याला कर्ता असतो.

म्हणून विचारतो, मराठीला अंतर कोणी दिले? पुण्याच्या पाहुण्याने थोडे दिले, ते वर सांगून झाले. सरकारांनी किती दिले, यावर सीमाभागात पुष्कळ लिहून झाले आहे आणि त्यातले बरेचसे खरे आहे. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून प्रवेशाच्या दिवसांत मी जे दरवर्षी पाहतो, ते या दोहोंहून निराळे आहे. आडनाव कुलकर्णी, जाधव, मोघे, शिर्के. वडील सुशिक्षित. मी विचारतो, ‘घरी मराठी वाचतो का मुलगा?’ उत्तर ठरलेले असते. ‘सर, आधी इंग्रजी पक्की होऊ दे. हिंदी तर लागतेच. मराठी काय, घरचीच आहे. नंतर शिकेल.’

‘नंतर’! या एका शब्दात आपल्या पिढीचा सगळा अपराध साठला आहे. आणि गंमत अशी की हा शब्दही ‘अंतर’चाच पोटचा आहे. संस्कृत ‘अनंतर’. न अंतर. ज्यात मध्ये फट नाही, जे लगेच, लागून, पाठोपाठ आहे ते अनंतर. पोथ्यांतल्या मराठीतला ‘तदनंतर’ आठवा, त्यात तो पुरता दिसतो. पुढे बोलण्याच्या घाईत आपण सुरुवातीचा ‘अ’ गाळला आणि ‘नंतर’ उरले. हा ‘अ’ नकाराचा होता. तो गेला आणि त्याच्याबरोबर ताबडतोबीही गेली. ज्या शब्दाचा अर्थ ‘मध्ये जराही खंड न पडू देता’ असा होता, तो आज ‘पुढे कधीतरी, जमले तर’ या अर्थाने आपण वापरतो. मराठी नंतर शिकेल, याचा शब्दाला धरून अर्थ ‘ताबडतोब शिकेल’ असा व्हायला हवा. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो.

कारण भाषेच्या बाबतीत नंतर येत नाही. आठव्या वर्षी जे मूल मराठीत एक पान वाचत नाही, ते अठराव्या वर्षी पुस्तक हाती घेत नाही. ऐकण्यापुरती भाषा राहते, मग स्वयंपाकघरापुरती, मग आजीपुरती. आजी गेली की नुसते आडनाव राहते. आमच्या गल्ल्यांत अशी आडनावे पुष्कळ आहेत. दारावरच्या पाटीवर ती देवनागरीत आहेत, कारण हिंदीची लिपीही देवनागरीच. त्या पाटीवरून घरात कोणती भाषा आहे ते कळत नाही. बेळगाव-बिदरच्या वाचकांना निदान लिपी बदलल्याचे डोळ्यांना दिसते. आमचे जाणे दिसतसुद्धा नाही.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर पोटाचे. मराठीने इथे नोकरी मिळत नाही. मान्य. ग्वाल्हेरात कचेरीचे काम हिंदीत, मोठ्या नोकरीचे इंग्रजीत. पण मराठी घातली तर इंग्रजी कमी पडते, हा हिशेब कोणी मांडला? माझ्या शाळेत जी मुले घरी मराठी वाचतात, त्यांची हिंदी कच्ची राहिलेली मी पाहिली नाही. उलट संस्कृत शब्द ती लवकर पकडतात. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ यांच्या खोड्या ठाऊक असल्याने शब्दाकडे जपून पाहायची सवय त्यांना लागलेली असते. ज्याला दोन भाषांची मुरड कळली त्याला तिसरी जड जात नाही. पोट आणि मराठी यांचे भांडण नाही. भांडण आहे ते आळसाशी.

दुसरे उत्तर सोयीचे. ‘सरकारने शाळा काढली नाही, मग आम्ही काय करणार?’ १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. दार घटनेने ठेवलेले आहे. ते ठोठावायला पालकांचे अर्ज लागतात आणि अर्जावर मुलांची नावे लागतात. मोर्च्याला येणारे पालक ती नावे द्यायला तयार असतात का? ‘शाळा हवी, पण शेजाऱ्याच्या मुलासाठी’ ही आपली मागणी असेल, तर सरकारला दोष देताना आवाज थोडा खाली घ्यावा. आणि शाळा नसलीच तर घर आहे, देवघरासमोरची सतरंजी आहे, रविवारची सकाळ आहे. पुस्तक उघडायला शासकीय आदेश लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले. १९६१ साली याच ग्वाल्हेरात कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या गावाने मराठीला तो मान दिला, त्या गावात आज मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाला गर्दी असते, नाटकाला बऱ्यापैकी, झुणका-भाकरीला भरपूर आणि ग्रंथालयाच्या कपाटासमोर कोणी नसते. पुरणपोळी जिभेला मराठी ठेवते हे खरे, पण फक्त चवीपुरती. आणि दर्जा मिळाला म्हणून भाषा जगत असती, तर अभिजात भाषांत पहिल्या रांगेत बसणारी संस्कृत आज घरोघर बोलली गेली असती.

या गावाचा दुसरा वारसा गाण्याचा, आणि तिथेही हाच शब्द उभा आहे. ख्यालाची बंदिश दोन अंगांची, अस्ताई आणि अंतरा. जुन्या प्रबंधगायनात ध्रुव आणि आभोग या दोन भागांच्या मध्ये जो भाग यायचा त्याला ‘अंतर’ म्हणत. तिथून हे नाव आले. मधला म्हणून अंतरा. हद्दूखाँ-हस्सूखाँच्या या घराण्याची शिस्त अशी की अस्ताई-अंतरा दोन्ही पुरे मांडल्यावाचून पुढे सरकायचे नाही. याच घराण्याचे गाणे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेले आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते देशभर पोहोचवले. आता कल्पना करा, एखादा गवई नुसती अस्ताई घोळवत बसला आणि ‘अंतरा नंतर’ म्हणून उठून गेला. श्रोते काय म्हणतील? अस्ताई घरातल्या सप्तकात फिरते, अंतरा तार षड्जाला जाऊन भिडतो आणि तिथून पुन्हा अस्ताईवर येतो. घराबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाची भाषा म्हणजे हा अंतरा आहे. तो वर जातो, दूर जातो, पण मुखडा विसरत नाही. विसरला तर बेसूर नव्हे, बेघर होतो.

लग्नात आपण अंतरपाट धरतो. मंगलाष्टके संपेपर्यंतच तो धरायचा असतो, मग दूर करायचा. धरून ठेवला तर लग्न लागत नाही. पुण्याने आमच्यापुढे शुद्धाशुद्धाचा अंतरपाट धरला आहे आणि आम्ही आमच्या मुलांपुढे ‘नंतर’चा. दोघांचेही हात आता दुखायला हवेत.

तेव्हा महाराष्ट्रातल्या आप्तांना विनंती अशी की आमच्या मुलाचे मराठी ऐकताना चूक दिसली तर जरूर सांगा, पण वाक्य पुरे झाल्यावर सांगा आणि आधी शब्दकोश उघडून पाहा. ज्याला तुम्ही हिंदी म्हणून हाकलता, तो कदाचित तुमच्याच वाड्यातून बाहेर पडलेला जुना भाऊबंद असेल. ग्वाल्हेर ते पुणे हे अंतर रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक आहे. ते दोनशे वर्षांत आम्ही वाढवलेले नाही. हसण्याने वाढते ते दुसरे अंतर.

आणि द्विभाषी जिल्ह्यांतल्या माझ्या भावाबहिणींना एक काम. या दिवाळीत हा अंक वाचून झाला की रद्दीच्या ढिगावर ठेवू नका. त्यातले एक पान काढा. कोणतेही, हलकेफुलके चालेल. घरातल्या मुलाला ते मोठ्याने वाचायला लावा आणि मग त्याचे हिंदी, कन्नड, तेलुगू, जी त्याची शाळेची भाषा असेल तिच्यात भाषांतर सांगायला लावा. पुढच्या रविवारी उलट करा. शाळेच्या पुस्तकातला एक उतारा त्याने मराठीत सांगावा. अडखळू द्या. ‘अंतर’ म्हणाला तर टोकू नका, ‘विश्वास केला’ म्हणाला तर एकदा हळूच टोका. अर्धा तास पुरतो. मंडळांनी वर्षातून एक झुणका-भाकरी कमी करून त्या पैशात मुलांची पुस्तके आणावीत आणि ती कुलपाबाहेर ठेवावीत.

वडील म्हणतील, ‘करू, दिवाळी झाल्यानंतर.’ हरकत नाही. फक्त त्या शब्दाचा गाळलेला ‘अ’ परत जोडा आणि त्याच्या मूळच्या अर्थाने वागा. मध्ये एक दिवसही जाऊ देऊ नका.